ओळख पटेपर्यंत

मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द निरनिराळ्या व्यवहारांना पुरतो. पाहुण्याचे नाव-गाव सांगून आपण त्याची ओळख करून देतो. येण्याजाण्याने, एकमेकांच्या सुखदुःखात उभे राहिल्याने माणसांची ओळख होते आणि ती व्हायला कधी उभे आयुष्य लागते. चोरीस गेलेली वस्तू सापडली, तर पंचांसमक्ष तिची ओळख पटवून मगच ती मालकाच्या ताब्यात दिली जाते. पहिल्या व्यवहारात सांगणाऱ्याचा शब्द पुरतो, दुसऱ्यात काळ खर्च होतो, तिसऱ्यात पुरावा लागतो. एरवी हे व्यवहार एकमेकांत मिसळून जातात आणि आपले काही अडत नाही. अडते ते अशा आगंतुकापाशी, ज्याची ओळख करून देणारा कोणी नाही, ज्याचा सहवास घडलेला नाही आणि ज्याला ‘आपण कोण?’ असे विचारण्याचीही सोय नाही. अशाला नाव देण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो आणि तो किती पुराव्यावर वापरावा, हा प्रश्न मला नीतीचा वाटतो. माझ्यासमोरचा आगंतुक मात्र माणूस नाही, पक्षी आहे.

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, वडगाव या भागांतल्या जुन्या घरांमागे अजून थोडी परडी शिल्लक आहेत. शेवगा, नारळ, एखादा फणस, आड आणि धुण्याचा दगड एवढा त्यांचा पसारा. पश्चिमेकडचे जांबोटी-चोर्ल्याचे जंगल फार लांब नाही आणि व्हॅक्सीन डेपोच्या झाडीमुळे पाखरांना भर गावातही आसरा मिळतो. गेल्या पौषात माझ्या परिचयाच्या एका घरी शेवग्यावर आठेक दिवस रोज सकाळी एक शिकारी पक्षी येऊन बसे. पारव्याएवढा, तपकिरी पाठीचा. पांढुरक्या छातीवर ठिपक्यांच्या उभ्या ओळी, पिवळा डोळा आणि हनुवटीपासून गळ्यावर उतरणारी एक काळसर रेघ. तो आला की खारी फांदीच्या मागच्या अंगाला चिकटून बसत आणि सातभाई कलकलाट करीत कुंपणात शिरत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला ससाणा ठरवले. शेजारच्या काकूंनी घारीचे पिल्लू म्हटले. पुण्याहून सुटीसाठी आलेल्या नातवाने फोनवर छायाचित्र घेऊन एका ॲपला विचारले, तेव्हा क्षणार्धात ‘बेसरा’ असे उत्तर आले. बेसरा हा दाट जंगलातला पक्षी. भरवस्तीत क्वचितच दिसणारा. घरात आनंदीआनंद झाला. साध्या शिक्र्याने तो झाला नसता.

या आनंदाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. शिक्रा हा आपल्याकडचा नित्याचा रहिवासी. प्रौढ नराची पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या बारीक रेषा, डोळा लालभडक. मादी काहीशी तपकिरी आणि आकाराने मोठी. पिल्लाचा वेष मात्र अगदी निराळा. पाठ तपकिरी, छातीवर ठिपक्यांच्या ओळी, डोळा पिवळा. आईबापांशेजारी बसवले, तर तिऱ्हाइताला ते दुसऱ्याच जातीचे वाटावे. बेसऱ्याचे पिल्लूही जवळजवळ याच वेषात वावरते. फरक आहेत, पण ते बारीक आहेत. गळ्यावरची मधली रेघ शिक्र्याची सहसा पुसट, बेसऱ्याची जाड आणि काळी. पण शिक्र्याच्या पिल्लात तीच रेघ ठळक दिसू शकते. शेपटीवरचे गडद पट्टे बेसऱ्याचे रुंद, शिक्र्याचे अरुंद. पायाची बोटे बेसऱ्याची लांब आणि सडपातळ, शिक्र्याची आखूड. मानेमागे शेंडी असलेला तुरेबाज यांच्याहून मोठा, जवळजवळ कावळ्याएवढा. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा बाशा आणखी वेगळा. जुन्या बाजदारांनी तर नर-मादीलाही निरनिराळी नावे दिली होती. शिक्र्याची मादी ती शिक्रा आणि नर तो चिपक. बेसऱ्याची मादी ती बेसरा आणि नर तो धोती. त्यांचे बरोबर होते, कारण त्यांच्या मुठीवर तो पक्षी तासन्‌तास बसलेला असे. बोटांची लांबी त्यांना पुस्तकातून शिकावी लागत नव्हती. आपल्याला मात्र पानांआडून मिळते ते ओझरते दर्शन. त्या छायाचित्रात गळा स्पष्ट होता, शेपूट पानांच्या झुबक्यामागे दडली होती आणि बोटे फांदीआड होती. ॲपने जेवढे पाहिले तेवढ्यावर उत्तर दिले. त्याचा दोष नाही. जेवढे दिसले नव्हते तेवढे घरातल्यांच्या इच्छेने भरून काढले.

सातभाईंना आणि खारींना फसवणारा एक पक्षी मात्र या कुळातला नसून कोकिळेच्या गोतावळ्यातला आहे. तो म्हणजे पावशा. त्याचा आकार, राखाडी पाठ, शेपटीवरचे पट्टे, फांदीवर उतरण्याची लकबसुद्धा शिक्र्यासारखी असते आणि त्याच्या पिल्लाच्या छातीवरही ठिपके असतात. उन्हाळ्यात ‘पेरते व्हा’ असा त्याचा घोष सुरू झाला, की लहान मूलही त्याला ओळखते. हाच घोष हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ होतो, बंगाल्यांना ‘चोख गेलो’ ऐकू येतो आणि साहेबाला त्यात मेंदूज्वर ऐकू आला. हिवाळ्यात तो बहुधा मौन पाळतो आणि तेव्हाच घोटाळा होतो. निपाणी-चिकोडीकडच्या खेड्यांत, जेथे परड्यात कोंबड्यांची पिल्ले हिंडत असतात, तेथे असा पक्षी दिसला की हाती दगड येतो. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट खाणाऱ्या निरुपद्रवी पावशाला पिल्ले पळवणाऱ्याचे नाव मिळाले, की शिक्षा ठरलेलीच. त्याचा सरळ बाक नसलेला चोचीचा आकार किंवा दोन पुढे-दोन मागे अशी पायाची बोटे पाहायला कोण थांबतो? पावशाने हे सोंग घेतले हा त्याचा अपराध म्हणता येत नाही. तो कोणतेही विधान करीत नाही. विधान आपण करतो, आणि त्याचे परिणाम भोगतो तो ज्याच्याविषयी विधान केले तो.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा प्रसंग फार पूर्वी रंगवून ठेवला आहे. नगरात राहणाऱ्या माणसाला गवय कसा असतो ते ठाऊक नाही. रानात हिंडणारा एक जण त्याला सांगतो, की गवय हा गाईसारखा असतो. पुढे तो नागरिक रानात जातो, गाईसारखे जनावर पाहतो, ऐकलेले वाक्य आठवतो आणि ‘हाच तो गवय’ असे जाणतो. याला त्यांनी उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले. पक्ष्यांचे सचित्र पुस्तक हातात घेऊन परड्यात उभा राहणारा माणूस याच नागरिकाचा वंशज आहे. पण या प्रमाणाने नेमके काय कळते, याविषयी नैयायिक फार काटेकोर होते. कळतो तो नावाचा आणि नाव असलेल्या वस्तूचा संबंध, एवढेच. गवय काय खातो, कोठे निजतो, त्याचे आयुष्य किती, यांतले काहीही त्या क्षणी कळलेले नसते. नाव कळले की पक्षी कळला, असे मानून आपण खिडकीतून आत वळतो. प्रत्यक्षात पाहणे तेथून सुरू व्हायचे असते. त्या घरातही हेच घडले. ‘बेसरा’ हे नाव मिळेपर्यंत चौघे जण श्वास रोखून खिडकीत उभे होते. नाव मिळाल्यावर छायाचित्र पाठवण्याची लगबग सुरू झाली आणि पक्षी केव्हा उडाला हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

दुसरा त्यांचा विवेक संशय आणि विपर्यय यांतला. संधिप्रकाशात समोर उभे आहे ते खुंट की माणूस, असे वाटणे हा संशय. खुंटालाच माणूस समजणे हा विपर्यय. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त दोन्ही अयथार्थ अनुभवातच मोडतात, म्हणजे संशयाला ज्ञानाचा मान नाही. तरीही गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे आसन संशयाला दिले आहे, कारण विचाराला तोंड तेथूनच फुटते. विपर्ययाला त्या यादीत स्वतंत्र आसन नाही. संशय बाळगणारा माणूस आणखी एकदा पाहायला जातो. खोट्या खात्रीचा माणूस कशाला जाईल?

आपल्या मुलखाच्या पक्ष्यांची मोठी सूची ज्याने केली, त्या ई. ए. बटलर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला हे उमगले असावे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम, ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवीत. त्याच्या नवव्या खंडात, १८८१ साली, बटलरची दख्खन आणि ‘दक्षिण मराठा मुलूख’ येथील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. हा दक्षिण मराठा मुलूख म्हणजे आपलाच परिसर. सूचीच्या शीर्षकात बटलरने ‘टेंटेटिव्ह’ असा शब्द घातला आहे. तात्पुरती, कच्ची, दुरुस्तीला वाव ठेवणारी. ज्याच्या हाती बंदूक होती, पक्षी पाडून तळहातावर ठेवून ज्याला बोटे मोजता येत होती, त्याने आपल्या यादीला तात्पुरती म्हणावे आणि पानांआडून ओझरते पाहणाऱ्याने छातीठोक बोलावे, हा विरोधाभास मला मौजेचा वाटतो. (बंदुकीचे समर्थन मी करीत नाही, हे सांगायला नकोच.)

याच्या अगदी उलट टोकाला एक माणूस आहे आणि त्याच्या कृत्याची झळ महाराष्ट्रातल्याच एका पक्ष्याला लागली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा ब्रिटिश सैनिक विसाव्या शतकातला नामांकित पक्षितज्ज्ञ. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत तो सलीम अलींचा सहप्रवासी होता. १९५४ साली त्याने आपला सुमारे २०,००० पक्षी-नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. हा छोटा पिंगळा ह्यूमनेच १८७३ साली शास्त्राला सांगितलेला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने होते आणि १८८४ नंतर तो कोणाला मिळालाच नव्हता. माइनर्ट्‌झहागेनच्या नमुन्याला बांधलेली चिठ्ठी मात्र सांगत होती, की हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळाला. साहजिकच, पुढे ज्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला त्यांनी त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला. शोध निष्फळ ठरले. पक्षी नष्ट झाला असावा, असे बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकले.

नव्वदीच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला. कातडे सोलण्याची, आत कापूस भरण्याची आणि टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची एक ढब असते, हस्ताक्षरासारखी. या कातड्यावर नव्याने केलेल्या कारागिरीखाली जुनी ढब सापडली. ती जेम्स डेव्हिडसनची होती. हा डेव्हिडसन खानदेशात सनदी अधिकारी होता आणि १८८०च्या दशकात त्याने तेथे रानपिंगळे मिळवले होते. पुढे त्याने आपल्या शेजारच्या उत्तर कानडा जिल्ह्यातल्या पक्ष्यांवरही लिहिले. डेव्हिडसनचा नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, त्यावर खोट्या गावाची आणि खोट्या सालाची चिठ्ठी बांधून माइनर्ट्‌झहागेनने तो स्वतःचा म्हणून परत दिला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सविस्तर प्रसिद्ध केले. त्याआधीच खोटी चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धुंडाळीत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात सापडला, मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटते ती चोरी नव्हे. चोरीने एका संग्रहालयातली एक वस्तू कमी झाली असती, इतकेच. खोट्या चिठ्ठीने मात्र शोध घेणाऱ्या प्रामाणिक माणसांची पावले चुकीच्या रानाकडे वळवली आणि खऱ्या रानातल्या जिवंत पक्ष्याकडे कितीतरी वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या वर्षांत तेथली किती झाडे पडली असतील! पक्ष्याला त्या चिठ्ठीची वार्ताही नव्हती.

कोणी म्हणेल, कुठे तो कर्नल आणि कुठे टिळकवाडीतला हौशी नातू! हेतूत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरेच. नातवाने कोणाला फसवले नाही. पण परिणामाच्या दृष्टीने अंतर वाटते तितके मोठे नाही, कारण परड्यातली नोंद आता परड्यात राहत नाही. ईबर्डसारख्या सामाईक नोंदवहीत ती क्षणात जाते. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. कोणती जात घटते आहे, कोणती टिकून आहे, संरक्षणाचा पैसा कोठे खर्चावा, हे अशा नोंदींवरून ठरू लागले आहे. दुर्मिळाच्या मोहाने शिक्र्याला बेसरा लिहिणारे शेकड्यांनी झाले, तर बेसरा गावोगाव सुखाने नांदतो आहे असे कागदावर दिसेल आणि त्याचे जंगल तोडणाऱ्याला तो कागद पुरेल. त्या नोंदवहीत ‘जात निश्चित नाही’ असे लिहिण्याची सोय आहे. ती फारसे कोणी आनंदाने वापरत नाही.

याचा अर्थ नाव देणेच टाळावे, असा मात्र नव्हे. ‘आपल्याला काय कळते’ म्हणत हात झटकणारे पुष्कळ भेटतात. त्यात विनयापेक्षा आळस अधिक. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’साठी वर्षानुवर्षे रानोमाळ हिंडून, आदिवासींना, पारध्यांना विचारून एकेका पाखराची नावे गोळा केली, ती नावांचे मोल ठाऊक होते म्हणूनच. नावाशिवाय साक्ष दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मुद्दा एवढाच, की नावासोबत आपण काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘टिळकवाडी, पौष, सकाळी आठ, गळ्यावर ठळक रेघ, शेपूट आणि बोटे दिसली नाहीत, बहुधा शिक्र्याचे पिल्लू, बेसरा असणे अशक्य नाही.’ हे वाक्य कोणाला मिरवण्याजोगे वाटणार नाही. पण पन्नास वर्षांनी ते वाचणाऱ्याला त्यातून काही हाती लागेल.

चिठ्ठ्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सीमाभागातल्या वाचकांना तो परका नाही. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात. बेळगाव शहर अगदी लागून, पण ब्रिटिश मुलखात. १९४० साली शहापुरात जन्मलेल्या माणसाच्या पहिल्या दाखल्यावर सांगली संस्थान असणार. संस्थान विलीन झाल्यावर तो मुंबई राज्याचा झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्याचा, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री त्याचे गाव बेळगावी झाले. या अवधीत त्याने घर बदललेले नाही. कदाचित खाटेची जागाही बदललेली नसेल. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी कोकणातून किंवा देशावरून इकडे आली, त्याला पिढ्या लोटल्या, तरी ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला आपण अजून त्या गावाचे नाव सांगतो, जे आपण पाहिलेलेही नसते. या चिठ्ठ्यांपैकी कोणती खरी, याविषयी येथे प्रत्येकाचे मत तीव्र आहे आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चाललेला वाद माझ्या लेखाने सुटणारा नाही. पण खोटी चिठ्ठी आणि जुनी चिठ्ठी यांतला भेद आपल्याला इतरांपेक्षा चांगला कळावा. संस्थानचा शिक्का असलेला दाखला आज लागू नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो खरा होता, आणि तो दिवस त्यावर नोंदलेला आहे.

शिक्र्याचेही तेच झाले आहे. १७८८ साली ग्मेलिनने त्याला ‘फाल्को’ कुळात घातले. पुढे तो ‘ॲस्टर’ झाला. सलीम अलींच्या पुस्तकात तो ‘ॲक्सिपिटर’ होता. आणि २०२४ साली वर्गीकरण बदलून शिक्रा आणि बेसरा दोघेही ‘टॅकिस्पायझा’ या नावाखाली गेले. संग्रहालयांत अशा वेळी काय करावे, याचा एक जुना रिवाज आहे. पक्ष्याच्या पायाला मूळ संग्राहकाने बांधलेली चिठ्ठी, ती कितीही पिवळी पडलेली असो, तिच्यावरचे नाव कितीही कालबाह्य असो, काढायची नाही. नव्या नावाची चिठ्ठी वेगळी लिहायची, तिच्यावर आपली सही आणि तारीख घालायची आणि जुनीच्या शेजारी बांधायची. एखाद्या जुन्या कातड्याच्या पायाला अशा तीन-चार चिठ्ठ्या लोंबत असतात. माइनर्ट्‌झहागेनने डेव्हिडसनची चिठ्ठी काढून टाकली होती. टाके मात्र त्याला पुरते उसवता आले नाहीत.